उजवा पाय, जरासा

आपल्याकडे पायांना कामं पुष्कळ, पण त्यांतलं नाजूक एकही नाही. चालायचं, चिखल तुडवायचा, सायकल मारायची, क्लच दाबायचा, पिसाळलेलं कुत्रं दिसलं तर पळायचं. मान सगळा हातांचा. घास हातानं, सही हातानं, नमस्कारही हातानं. तो नमस्कार पायांनाच असतो हे खरं, पण ते पाय थोरामोठ्यांचे. आपले स्वतःचे पाय इतके संशयित, की चुकून वहीला लागले तर वही उचलून कपाळाला लावायची. अशा जन्मभर दाराबाहेर ठेवलेल्या पायांकडे एक दिवस अचानक विमानाचं नाक सरळ धरायचं काम आलं, तर त्यांनी काय करावं?

पिशोरला आमच्या घरी हल्ली हा प्रश्न रोज संध्याकाळी उभा राहतो. पुतण्या संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत येताना त्यानं एक खोकं आणलं. त्यात मोटारशर्यतीचे गेम खेळायचा, कुणा मित्राकडून घेतलेला जुना स्टिअरिंग-पेडलचा संच होता. स्टिअरिंग त्यानं सरळ माळ्यावर टाकलं. त्याला हवी होती फक्त पेडलं. ती कॉम्प्युटरवरच्या विमानाला जोडायची आणि त्यांच्यावर रडर चालवायचं, असा बेत. खास विमानासाठी केलेली रडर पेडलं बाजारात मिळतात, पण किंमत पाच आकडी. अद्रकीचा भाव पडलेला असताना पाच आकडी रकमेचा विषय घरात काढायचा नसतो, हे कन्नड तालुक्यातल्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही.

विमानाच्या शेपटीवर जी उभी पाटी असते, तिचा मागचा हलता भाग म्हणजे रडर. उजवं पेडल दाबलं की विमानाचं नाक उजवीकडे, डावं दाबलं की डावीकडे. ऐकायला इतकं सोपं, की यात चुकायचं काय असं वाटावं. पण शरीराच्या डोक्यात सायकल बसलेली असते. सायकलच्या हँडलची उजवी मूठ पुढे ढकलली तर चाक डावीकडे वळतं. पायही मग तोच हिशोब धरून बसतात आणि विमान उजवीकडे चाललं की उजवाच पाय आणखी रेटतात.

यात मोटारीच्या पेडलांची भर. खऱ्या विमानात दोन्ही पेडलं आतून एकमेकांना जोडलेली असतात. एक पुढे गेलं की दुसरं तेवढंच मागे येतं, त्यामुळे एक पाय काय करतो ते दुसऱ्याला आपोआप कळतं. मोटारीच्या पेडलांत असं काही नाही. ॲक्सिलरेटर दाबला तर ब्रेकला त्याचा पत्ता नसतो. कॉम्प्युटरला दोन्ही पेडलांकडून शून्य ते शंभर असे दोन वेगवेगळे आकडे मिळतात, आणि रडरला हवा असतो एकच आकडा, मधोमध शून्य असलेला, दोन्ही बाजूंना शंभरापर्यंत जाणारा. म्हणजे उजव्या पायातून डावा पाय वजा करायचा. पाचवीच्या गणिताइतकीच गोष्ट, पण ती कॉम्प्युटरला पटवण्यात दोन संध्याकाळी सहज जातात. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिम्युलेटरमध्ये डाव्या आणि उजव्या रडरला वेगवेगळी पेडलं नेमून देता येतात. जिथे ती सोय नाही, तिथे व्हीजॉयसारखं एखादं सॉफ्टवेअर मध्ये बसवायचं. ते कॉम्प्युटरला एक काल्पनिक जॉयस्टिक दाखवतं, आणि जोडीचं दुसरं सॉफ्टवेअर दोन पेडलांची वजाबाकी करून ती हलवतं. काही जुन्या संचांत तर दोन्ही पेडलं एकत्र मोजायचा पर्याय मुळातच असतो. पूर्वीच्या गेमना गॅस आणि ब्रेक मिळून एकच आकडा समजायचा, त्यांच्यासाठी केलेली ती सोय. मोटारींना ती आता नकोशी झाली, विमानाला मात्र आयती लागू पडते.

पहिल्या दिवशी विमान सुरू झालं आणि जागच्या जागी फिरायला लागलं. पेडलांना कुणी पायही लावला नव्हता. चिकलठाण्याच्या धावपट्टीवर ते पांढरं सेस्ना, खळ्यात तिवड्याभोवती बैल फिरावा तसं गोल गोल फिरत होतं. कारण साधं होतं. काही पेडलं उलटं बोलतात: मोकळी असताना शंभर सांगतात आणि पूर्ण दाबली की शून्य. त्यातलं एकच पेडल तेवढं उलटं निघालं, आणि बिचारं विमान मिळालेला हुकूम इमानानं पाळत होतं. सेटिंगमध्ये उलट करायची एक खूण असते. ती केली आणि विमान उभं राहिलं. आमची आई दारात उभी राहून हे बघत होती. ती म्हणाली, “हे काय करू राहिला रे? चक्कर येईल ना आतल्या माणसाला.” आत माणूस नसतो हे तिला सांगायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. मलाही ते पूर्ण पटलेलं नाही.

पुढची अडचण फरशीची. विमान आकाशात असलं तरी पेडलं शहाबादी फरशीवर असतात, आणि दाबली की मागे सरकतात. पेडलं सरकली नाहीत तर खुर्ची सरकते, कारण ती चाकांची. एका निर्णायक क्षणी वैमानिक विमानापासून हातभर लांब जाऊन भिंतीला टेकला होता. शेवटी चाकांच्या खुर्चीची रवानगी ओसरीवर झाली, तिच्या जागी लाकडी आली, आणि पेडलांच्या मागे मक्याचं पोतं लावलं. पोत्याला पुढे भिंतीचा आधार. जगातल्या महागड्या सिम्युलेटरमध्ये पेडलं पोलादी चौकटीला बोल्टनं आवळलेली असतात म्हणे. मक्याच्या पोत्यानं तेच काम होतं. फक्त मका विकायची वेळ आली की विमानसेवा बंद.

ब्रेकचं पेडल मात्र त्यानं रडरला लावलं नाही. मोटारीच्या संचात ब्रेक मुद्दाम घट्ट ठेवतात, खऱ्या गाडीसारखा वाटावा म्हणून. तो डाव्या पायाला दिला असता तर डावीकडे वळायला पहिलवान आणि उजवीकडे वळायला पोर लागलं असतं. म्हणून डावीकडचा क्लच आणि उजवीकडचा ॲक्सिलरेटर हे दोन साधारण सारख्या स्प्रिंगचे घेतले रडरला, आणि मधला ब्रेक राहिला ब्रेकच. पायांमध्ये अंतरही बरं राहतं. ही युक्ती त्याची स्वतःची का कुठे पाहिलेली, हे मी विचारलं नाही. सुचली तेव्हा त्याचा चेहरा स्वतःची असल्यासारखाच होता.

एवढं झाल्यावर खरा प्रश्न सुरू होतो, तो म्हणजे पायांना हलकं कसं करायचं. सेटिंगच्या पानावर त्यासाठी दोन सोयी आहेत. एक, मधोमध थोडी मेलेली जागा ठेवता येते. तेवढ्या भागात पाय हलला तरी विमान हलत नाही. दुसरी, सरळ रेषेचा कर्व्ह करता येतो. म्हणजे पेडल सुरुवातीला अर्धं दाबलं तरी रडर अगदी थोडं फिरतं आणि खरा जोर शेवटी लागतो. थोडी मेलेली जागा लागतेच, कारण स्वस्त पेडलांच्या आतली सरकती जोडणी झिजली की आकडा थरथरायला लागतो. पण पुतण्याच्या मित्रांनी फोनवर सल्ला दिला की ही जागा चांगली ऐसपैस ठेव, त्रास वाचेल. एकानं तर रडर आपोआप सांभाळायचा पर्यायच चालू करायला सांगितलं. मला हे पटलं नाही. पायांना काम देऊन पगार ठेवून घ्यायचा आणि काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं, याला आमच्या पंचायतीत वेगळं नाव आहे.

कारण पायांना काम खरोखर असतं, आणि तेही उड्डाणाच्या पहिल्या क्षणापासून. एका इंजिनाच्या लहान विमानात, म्हणजे सेस्ना १७२ सारख्या, पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. त्यानं मागे ढकललेली हवा विमानाच्या अंगाभोवती पिळा घेत जाते आणि शेपटीच्या उभ्या पाटीला डावीकडून धक्का देते. शेपूट उजवीकडे, नाक डावीकडे. शिवाय पंखा एकीकडे फिरतो म्हणून विमान दुसरीकडे कलायला बघतं. थोडक्यात, पूर्ण गॅस दिला की विमान डावीकडे ओढ घेतं, आणि त्याला सरळ ठेवायला उजवा पाय लागतो. किती? जरासा. विमान शिकवणारे गुरुजी जन्मभर हेच ओरडत असतात: उजवा पाय, उजवा पाय. शिकाऊ माणूस एक तर पाय लावतच नाही, किंवा लावतो तो शेणात पाय पडल्यासारखा झटकून. मग विमान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हेलकावत जातं, आणि प्रत्येक दुरुस्ती आधीच्या चुकीपेक्षा मोठी.

यात हातांचीही फजिती होते, आणि ती मला जास्त आवडते. जमिनीवर चालताना विमान हातातल्या चाकानं वळतच नाही. ते चाक पंखांसाठी असतं. जमिनीवर सगळा कारभार पायांचा; पुढचं चाक पेडलांनीच फिरतं. पण मोटार चालवलेला प्रत्येक माणूस वळण आलं की हातातलं चाक फिरवतो, विमान ढिम्म सरळ जातं, तो आणखी फिरवतो, आणि गवतात जातो. तेव्हा गुरुजी म्हणतात, हात मांडीवर ठेवा. एवढ्या वर्षांत हातांना कुणी गप्प बसायला सांगितलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

हवेत गेल्यावर समोरच्या घड्याळांत एक वाकडी काचेची नळी दिसते, तिच्यात काळी गोळी. विमान वळताना नीट वळतं आहे की आडवं घसरतं आहे, हे ती सांगते. गोळी ज्या बाजूला, त्या बाजूचा पाय. एवढंच. याचं कारणही गमतीचं आहे: उजवीकडे वळायला पंख कलवले, की वर गेलेल्या डाव्या पंखाला हवेचा अडथळा जास्त होतो आणि विमानाचं नाक क्षणभर उलट्याच दिशेला, डावीकडे जातं. जायचं एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. ते तोंड वळवायचं काम पायाचं, आणि तेही हातांच्या बरोबरीनं, आधी नाही, नंतर नाही.

सुरुवातीला हे काम पायांकडे नव्हतंच. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात वैमानिक पालथा झोपायचा आणि कंबर डावी-उजवी सरकवून पंखही पिळायचा आणि रडरही हलवायचा. पाय मागे नुसते पडलेले. पायांनी रडर आणि हातांनी बाकीचं, ही वाटणी युरोपात रूढ झाली. १९०८ च्या सुमाराला फ्रान्सच्या लुई ब्लेरिओच्या विमानात ती होती, आणि पुढच्याच वर्षी त्यानं इंग्लिश खाडी ओलांडली. विमान जमिनीवर शिकायची कल्पनाही पायांशीच येऊन थांबते. अमेरिकेत बिंगहॅम्टनला एडविन लिंक नावाच्या माणसाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन करायचा कारखाना होता. विमान शिकायला पैसे फार लागतात म्हणून त्यानं १९२० च्या दशकाच्या शेवटी ऑर्गनचे भाते, नळ्या आणि हवेचा पंप वापरून एक खोटं विमान केलं. ते जमिनीवर उभं राहून झुकायचं, वळायचं, आणि वळायचं ते पेडलांच्या हुकमानं, भात्यांच्या जोरावर. सुरुवातीला ते जत्रेतल्या खेळासारखं पैसे टाकून बसायचं यंत्र म्हणूनच खपलं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे विमानानं टपाल न्यायचं काम आलं, खराब हवेत वैमानिक मरायला लागले, तेव्हा लष्करानं त्यातली सहा घेतली. मग दुसरं महायुद्ध आलं आणि वैमानिकांच्या अख्ख्या पिढीनं त्या निळ्या खोक्यात पाय घासले.

ऑर्गन म्हटलं की आपल्याला गंधर्व नाटक मंडळी आठवते. पदाला सूर धरणारा तो ऑर्गनवालाही पायांनीच भाता मारत बसायचा, आणि भाता जोरात मारला की सूर फुटायचा. टाळ्या अर्थात गाणाऱ्याला. लिंकच्या कारखान्यातले भाते विमानात गेले, आपले रंगमंचावर राहिले. पायांच्या नशिबात दोन्हीकडे अंधारातच बसणं होतं.

आईचा आक्षेप मात्र वेगळाच होता. खंडेनवमीला आमच्याकडे ट्रॅक्टर धुऊन त्याला हार घालतात, कुळव-कोयता मांडतात, कॉम्प्युटरलाही हळद-कुंकू लागतं. पुतण्यानं पेडलंही पाटावर आणून ठेवली. आई म्हणाली, “ज्याच्यावर रोज पाय ठेवायचा, त्याला कुंकू कसं लावायचं?” पुतण्या म्हणाला, “आजी, ट्रॅक्टरच्या क्लचवरही पाय ठेवतोच की आपण.” आईनं जरा विचार केला आणि म्हणाली, “क्लचला नाही लावत मी. बॉनेटला लावते.” पेडलांना बॉनेट नाही. शेवटी वायर जिथे कॉम्प्युटरला लागते, त्या टोकाला कुंकू लागलं आणि दोन्ही पक्ष समाधान पावले.

पायांच्या हलकेपणाचा विषय केवळ गेमपुरता नाही. २००१ च्या १२ नोव्हेंबरला न्यूयॉर्कहून निघालेलं एक एअरबस पुढच्या विमानाच्या वाऱ्यात सापडलं. सहवैमानिकानं रडर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा दाबलं आणि शेपटीची उभी पाटीच तुटून पडली. विमानातले आणि जमिनीवरचे मिळून २६५ जण गेले. चौकशीत पायांच्या अनावश्यक आणि अती दाबाचं कारण निघालं, आणि त्या विमानाच्या पेडलांच्या अतिहळवेपणाचंही. हे वाचल्यापासून कुणी पेडलं बडवायला लागला की मी खोलीतून उठून जातो.

सगळं जुळल्यावर माणूस जातो कुठे? न्यूयॉर्क नाही, पॅरिस नाही. आधी आपल्या गावावर. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये जमीन उपग्रहाच्या फोटोंची असते, त्यामुळे चिकलठाण्याहून उडून उत्तरेला नाक केलं, फुलंब्री मागे टाकली, की सेस्नातून वीसेक मिनिटांत पिशोर. अंजना नदी दिसते, पुढे अजिंठ्याच्या डोंगराची रांग, आणि तिच्या पलीकडे खाली उतरलेला खानदेश. घरं कॉम्प्युटर स्वतःच्या अंदाजानं बांधतो, त्यामुळे गावात न बांधलेले बंगले दिसतात. काही जणांनी आपापली जागा ओळखून ते मनोमन ताब्यातही घेतले आहेत. फोटो ज्या महिन्यातला, तोच ऋतू बारमाही. बाहेर मका डोक्याइतका उभा असला तरी विमानातून रानं उघडीच. आपली विहीर शोधायला दोन्ही डोळे खाली जातात, आणि त्या वेळी पाय काय करतात हे गोळी सांगते: ती नळीच्या टोकाला जाऊन बसलेली असते. तेवढ्यात लाइट जाते. आली की विमान पुन्हा धावपट्टीच्या तोंडाशी, विहीर राहिलेली.

या प्रकारात गावातल्या बऱ्याच पोरांनी हात, म्हणजे पाय, धुऊन घेतले. मोबाइलवर तासन्‌तास गेम खेळणारी ही मुलं. अंगठे विजेसारखे, पाय लाकडाचे. मग एका संध्याकाळी शेजारचे नाना आले. उभा जन्म ट्रॅक्टरवर गेलेला. पोतं मागायला आले होते, बसले. पुतण्यानं समजावून सांगितलं: हे डावं, हे उजवं, मधला ब्रेक. नानांनी पेडलांकडे वाकून पाहिलं आणि विचारलं, “ब्रेक एकच? का कडी लावून ठेवली?”

पुतण्याला कळलं नाही. मला कळलं, कारण ट्रॅक्टर मीही हाकला आहे. ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन असतात, उजव्या पायाशी शेजारी शेजारी, एक डाव्या चाकाचं, एक उजव्या. रस्त्यावर दोन्हींना कडी लावून एक करतात. रानात कडी काढायची. धुऱ्यापाशी आलं की ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचा ब्रेक दाबायचा, ते चाक अडतं आणि ट्रॅक्टर जागेवर वळतो. आणि विमानातही नेमकं हेच असतं: खऱ्या पेडलांचा वरचा भाग टाचेनं नाही, चवड्यानं दाबला की त्या बाजूच्या चाकाला ब्रेक लागतो. मोटारीच्या पेडलांत ती सोय नाही, म्हणून पुतण्यानं मधल्या ब्रेकला दोन्ही चाकं एकत्र बांधली होती. म्हणजे कडी कायमची लागलेली. इंजिनिअरिंगच्या पोराला हे समजून घ्यायला बराच वेळ लागला होता; नानांनी बसायच्या आधी विचारलं.

मग ते बसले. चपला काढून. गॅस पूर्ण, विमान डावीकडे ओढायला लागलं, आणि नानांचा उजवा पाय इतका सावकाश पुढे गेला की गेला हेच कळलं नाही. विमान मधल्या पांढऱ्या रेषेवरून निघालं. हात मांडीवर ठेवायला कुणाला सांगावं लागलं नाही; त्यांचा एक हात तंबाखूच्या पुडीत होता. वळणाच्या वेळी नाक उलटं गेलं, तरी ते दचकले नाहीत. “ट्रॉली रिव्हर्स घेताना अशीच उलटी जाते,” म्हणाले, “स्टिअरिंग उजवीकडं, ट्रॉली डावीकडं.” उतरताना जरा आपटलं, पण रेषेवरच.

पोरं गप्प. पुतण्यानं विचारलं, “नाना, आवडलं का?”

नानांनी समोरच्या घड्याळांवरून एकदा नजर फिरवली. “समदं बरंय. रिव्हर्स कुठंय?”

लहान विमानाला रिव्हर्स नसतो, मागे घ्यायचं तर उतरून दांडा लावून हातानं ढकलावं लागतं, असं पुतण्यानं सांगितलं. नाना उठले, चपला घातल्या, पेडलांमागचं पोतं उचलून खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, “मग रे काय उपयोग!”